इंदूरचे चित्रकला मंदिर आणि पालकांची संमती



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य शाळेने मला दिले, तेव्हा मी वाङ्मयातलाच एखादा विषय घेईन अशी आपली अपेक्षा असणार. ज्याचे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले त्याच्याकडून ती अपेक्षा रास्तही आहे. तथापि याच शहरातल्या एका कलाशिक्षणसंस्थेविषयी पालक आणि मुले एकत्र बसलेली असताना बोलावे, असे बरेच दिवस मनात होते. ती संधी स्नेहलतागंजातल्या या सभागृहात मिळत आहे, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकर दरबाराच्या आश्रयाने १९२७ साली सुरू केलेले चित्रकला मंदिर ही ती संस्था. आज ती शासकीय ललित कला संस्था म्हणून ओळखली जाते आणि तिच्या कलादालनाला देवळालीकरांचे नाव आहे. तिचा इतिहास सांगायचा म्हणजे नावांची एक माळ ओढायची, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे : नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, मनोहर जोशी, सोलेगावकर, विष्णु चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन. माळ खरी आहे, अभिमानास्पदही आहे. एवढ्याशा संस्थेच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत इतकी माणसे निघावीत, असे हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच घडले असेल. परंतु या सांगण्यात एक मोठा वर्ग सर्वस्वी गैरहजर असतो. तो म्हणजे या मुलांना तेथे जाऊ देणारी घरे. मुलाच्या अंगी कला असते, गुरू ती ओळखतो, हे सारे खरे; पण त्या दोहोंच्या मध्ये वडील नावाचा एक गृहस्थ उभा असतो आणि महिनाअखेर त्याला वाण्याची उधारी भागवायची असते. त्याने ‘जा’ म्हटल्याखेरीज इतिहास घडत नाही. त्याने ते का म्हटले असेल, आणि ते म्हणणे त्याला कशामुळे परवडले, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम काळ लक्षात घेऊ. १९२५ च्या जानेवारीत मुंबईत बावला खून प्रकरण घडले, त्याचे पडसाद इंदूरच्या गादीपर्यंत पोचले आणि १९२६ च्या फेब्रुवारीत तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पदत्याग केला. युवराज यशवंतराव अल्पवयीन होते. त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले ते १९३० च्या मे महिन्यात. मधली चार वर्षे कारभार मंत्रिमंडळाने पाहिला. चित्रकला मंदिराची स्थापना नेमकी या मधल्या काळातली आहे. म्हणजे एखाद्या रसिक राजाच्या लहरीतून ही संस्था निघाली, असे म्हणता येत नाही. कारभारी मंडळींनी संस्थानाच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग म्हणून तिला जागा दिली. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. राजाच्या लहरीवर चालणारी संस्था राजाबरोबर जाते आणि पालकाला त्याचा वास लवकर येतो. मुलाला आज शाळेत घालावे आणि उद्या शाळाच नाहीशी व्हावी, ही भीती संस्थानी प्रजेला नवी नव्हती.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ पासून चालू होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढले होते आणि दादासाहेब फाळके यांच्यासारखा विद्यार्थी तेथून बाहेर पडला होता. परंतु माळव्यातल्या मुलाला मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि घरच्या नजरेआड गेलेला मुलगा. देवळालीकर स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले होते. त्यांनी मुंबईचे शिक्षण इंदूरला आणले, हे सर्वांनी लिहिले आहे. त्यांनी ते घराजवळ आणले, हे मात्र कोणी लिहीत नाही. मुलगा सकाळी घरून जेवून निघतो आणि दिवे लागणीला घरी परततो, एवढ्या एका सोयीने वडिलांचा अर्धा विरोध मावळत असला पाहिजे.

उरलेल्या अर्ध्याचे काय? त्या काळच्या इंदुरी मराठी घराची घडण आपल्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे. पेशवाईपासून होळकरांच्या चाकरीत आलेली, पिढ्यान्‌पिढ्या दरबारी दफ्तरांत, मामलतीत, अदालतीत, शाळाखात्यात रुजू असलेली ही घरे. मुलाने मॅट्रिक व्हावे, साहेबाला भेटावे, चिकटावे आणि पेन्शन घ्यावे. शेजारी गिरण्यांचे नवे शहर वाढत होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांचे भोंगे शहराच्या घड्याळाला वळण लावत होते आणि तेथेही हिशेबनीस, टाइमकीपर, जॉबर अशा नोकऱ्या होत्या. या दोन्ही वाटांवर चित्रकाराला जागा नव्हती. ‘रंगारी’ हा शब्द घरात कसा उच्चारला जाई, हे सांगायला नको. दुकानांच्या पाट्या रंगविणारा, नाटकांचे पडदे रंगविणारा, गणपतीच्या दिवसांत मूर्तींना हात देणारा, एवढीच चित्रकाराची प्रतिमा समोर होती. त्या कामांत कमीपणा काहीच नाही. पण ज्या घराने दोन पिढ्या लेखणी धरून प्रतिष्ठा मिळविली, त्याला मुलाच्या हातातली कुंचली ही घसरण वाटणे स्वाभाविक होते. तेव्हाच्या वडिलांना आपण सरसकट अरसिक ठरवितो, ते मला पटत नाही. याच घरांत कीर्तने होत, गाण्याच्या बैठका होत, रविवर्म्याच्या छापील तसबिरी भिंतीवर असत. चित्र नको होते असे नाही. चित्रावर जगणारा मुलगा नको होता.

येथे बेंद्र्यांचे उदाहरण फार बोलके आहे. त्यांचा जन्म इंदूरचाच, १९१० च्या ऑगस्टमधला. चित्रकला मंदिरात देवळालीकरांच्या हाताखाली शिकत असताना त्यांनी कॉलेजही सोडले नाही. इंदूरचे होळकर कॉलेज तेव्हा आग्रा विद्यापीठाला जोडलेले होते. १९३३ साली बेंद्रे बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईची जी. डी. आर्ट ही सरकारी पदविका त्यांनी मिळविली. त्यांच्या चरित्रात ही दोन साले एका ओळीत येतात आणि वाचक पुढे जातो. मला मात्र त्या ओळीपाशी थांबावेसे वाटते. आधुनिक भारतीय चित्रकलेतल्या एका थोर माणसाने रंगांबरोबर बी. ए. चा अभ्यास का करावा? ज्ञानाची आवड होती म्हणून, असे कोणी म्हणेल, आणि ते असेलही. परंतु मध्यमवर्गीय मराठी घराचा पाठीमागून येणारा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला त्या बी. ए. मध्ये एक तोडगा दिसेल. चित्र काढ, पण पदवी घे. चित्र फसले तर पदवी आहे. देवळालीकरांची संस्था अशा तोडग्याला वाव देत होती. घरदार सोडून माझ्याकडे ये, अशी अट तिने घातली नाही. मुलाला दोन दगडांवर पाय ठेवू दिले. आपण ही म्हण दोष दाखवायला वापरतो. पण खालून पूर वाहत असताना दोन दगडांवर पाय ठेवणारा वाहून जात नाही.

मुंबईच्या परीक्षांचेही हेच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि मग जी. डी. ही पायऱ्यांची उतरंड पालकाला समजण्यासारखी होती. प्रत्येक पायरीवर कागद मिळत होता; त्या कागदावर सरकारी शिक्का होता आणि त्याच्या बळावर शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा मिळू शकत होती. कलेचा आत्मा अशा परीक्षांत मरतो, असे पुढे पुष्कळ कलावंतांनी म्हटले. मरतही असेल. पण त्या परीक्षा नसत्या तर पुष्कळ मुले कलेच्या दारापर्यंतही पोचली नसती, हेही तितकेच खरे. परीक्षा मुलासाठी असते असे आपण समजतो. अनेकदा ती वडिलांसाठी असते.

आता दुसरे घर पाहू. हे मराठी नव्हे, बोहरी मुसलमान. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूलची आई तो तान्हा असतानाच वारली. वडील फिदा हुसेन इंदूरला आले आणि गिरणीत नोकरीला लागले. मकबूलला काही काळ बडोद्याच्या वसतिगृहात ठेवले, नंतर इंदूरला राणीपुऱ्यात काकांच्या दुकानावर बसविले. हुसेन यांनी हिंदीत सांगितलेल्या आपल्या कहाणीत हा काळ मोठ्या गमतीने आला आहे. अकरावीच्या हिंदी पुस्तकात त्यातला भाग आला, म्हणून येथल्या काही विद्यार्थ्यांच्या वाचनातही असेल. गल्ल्यावर बसलेला मुलगा हिशेबाच्या कागदावर समोरून जाणारी माणसे रेखाटतो. पोते उचलणारा मजूर, बाई, पठाण, सारे कागदावर येते. ‘सिंहगड’ या मूकपटाची जाहिरात बघून त्याला तैलरंगाची ओढ लागते. रंगांना पैसे नाहीत म्हणून शाळेची पुस्तके विकून तो रंग आणतो आणि आपले पहिले तैलचित्र दुकानावरच बसून काढतो. काका संतापतात, तक्रार घेऊन वडिलांकडे जातात. वडील चित्र पाहतात आणि मुलाला पोटाशी धरतात.

पुढचा प्रसंग याहूनही महत्त्वाचा. रस्त्यात बसून चित्र काढणाऱ्या बेंद्र्यांशी मकबूलची ओळख झाली. बेंद्रे त्याला वडील वाटावेत इतके मोठे नव्हते, अवघी चार-पाच वर्षांचे अंतर. एक दिवस बेंद्रे त्याच्या घरी गेले, वडिलांशी बोलले, आणि वडिलांनी मुंबईहून रंगांच्या नळ्या आणि कॅनव्हास मागविले. मुलाला या वाटेने जायला मोकळीक दिली. आजूबाजूला काझी-मौलवींची वस्ती, चित्रकलेकडे धर्मदृष्ट्या साशंकतेने पाहणारा समाज, हाती गिरणीची बेताची मिळकत. या माणसाला हे धाडस कसे झाले, याचे आश्चर्य स्वतः हुसेनना म्हातारपणीही ओसरलेले दिसत नाही. वडिलांची दृष्टी अर्ध्या शतकाने पुढची होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

या प्रसंगाकडे आपण बहुधा हुसेनच्या दिशेने पाहतो. मी आपणास फिदा हुसेन यांच्या बाजूने पाहण्याची विनंती करतो. त्यांच्यापुढे कोणते पुरावे होते? मुलाची काही रेखाटने होती, भावाचा राग होता आणि एक पोरसवदा चित्रकार घरी येऊन ग्वाही देत होता. या तिसऱ्या गोष्टीचे वजन मोठे आहे. बेंद्रे हा कोणी परदेशी साहेब नव्हता, गादीवरचा राजाही नव्हता. तो याच शहरातला, नीट कपडे घातलेला, कॉलेजात जाणारा मुलगा होता आणि चित्रे काढूनही बिघडलेला नव्हता! एखाद्या कलाशाळेने शहराला दिलेली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी चित्रांच्या आधी अशा मुलाचे नाव घेईन. त्याला पाहून दुसऱ्याच्या वडिलांची भीती कमी होते.

बेंद्र्यांच्या स्वतःच्या घरात काय चालले असेल, याची एक झलक हुसेनच देतात. बेंद्र्यांनी घरात ‘व्हॅगाबाँड’ नावाचे मोठे चित्र काढायला घेतले, तेव्हा धाकट्या भावाला पठाणी वेश चढवून समोर उभे केले. या चित्राला १९३४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. पदकाची नोंद इतिहासात झाली. घरातल्या खोलीत मांडलेला तो कॅनव्हास, जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास, ताटकळत उभा राहिलेला धाकटा भाऊ आणि ‘आता जेवायला चला’ म्हणून आतून येणारी हाक यांची नोंद कोठे होणार? पण घरच्यांनी सहन केले म्हणून चित्र झाले. मॉडेलला पैसे देण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यांचे पहिले मॉडेल नेहमी भाऊ, आजी किंवा दारावर येणारा कोणी असतो.

देवळालीकरांच्या पद्धतीविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तिचाही पालकांशी संबंध आहे. बंद खोलीत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटने करून घेणे हा त्या काळच्या कलाशिक्षणाचा कणा होता. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना उघड्यावर नेले. बाजार, गल्ल्या, छत्र्या, नदीचे घाट, आणि माळव्याचे ते कोरडे, झगझगीत ऊन. समोरचे दृश्य जागेवर बसून, रंग न घोटता, झपाट्याने उतरवायचे. तिसाव्या दशकात मुंबईच्या प्रदर्शनांत इंदूरच्या मुलांची चित्रे गेली तेव्हा त्यांचा हा ताजेपणा जाणकारांच्या लक्षात आला आणि इंदूरची वेगळी ओळख निर्माण झाली. देवकृष्ण जोशी मूळचे महेश्वरचे. नर्मदेचे घाट आणि माळव्याची खेडी त्यांनी आयुष्यभर रंगविली आणि या पद्धतीचे सत्त्व बहुधा सर्वांत निष्ठेने सांभाळले.

परंतु उघड्यावर चित्र काढणे म्हणजे लोकांसमक्ष काढणे. ज्याचा मुलगा भरदुपारी भाजीबाजारात स्टूल टाकून बसला आहे, त्याच्या वडिलांना कचेरीत चारजण त्याविषयी विचारणारच. सुरुवातीला ते ऐकणे जड गेले असेल. तथापि हेच प्रदर्शन हळूहळू शिक्षणही ठरले. आपल्याच गल्लीचा कोपरा कागदावर उमटताना पाहणारे हलवाई, टांगेवाले, शाळकरी पोरे यांनी कधी कलादालनाचे तोंड पाहिले नसेल, पण चित्र कसे होते ते त्यांनी पाहिले. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू आहे, हा समज त्या स्टुलाने थोडा तरी ढिला केला.

याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, ते पाहिले म्हणजे मौज वाटते. यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३० ते १९३३ च्या दरम्यान माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. युरोपातले अत्याधुनिक सामानसुमान तेथे आले. ब्रांकुशीची ‘अवकाशातील पक्षी’ ही तीन शिल्पे महाराजांनी घेतली आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो शिल्पकार स्वतः इंदूरला येऊन गेला. जगाच्या कलेतिहासात इंदूरचे नाव पुष्कळदा या राजवाड्यामुळे येते. पण चित्रकला मंदिरातला कारकुनाचा मुलगा सायकलवर टांग टाकून ब्रांकुशी पाहायला जाऊ शकत नव्हता. आधुनिक कला इंदूरमध्ये एकाच वेळी दोन वाटांनी आली. एक वाट पॅरिसहून थेट राजवाड्यात गेली आणि तेथेच थांबली. दुसरी राणीपुऱ्याच्या दुकानातून, तात्पुरत्या स्टुलावरून, मुंबईच्या परीक्षेच्या अर्जातून गेली आणि पुढे पुष्कळ लांब पोचली. माणिकबागेत नंतर सरकारी कचेरी आली, हेही जाता जाता सांगतो.

आतापर्यंत आपण ज्यांचे नाव झाले त्यांच्याविषयी बोललो. कलाशाळेच्या पटावरचे बहुसंख्य विद्यार्थी मात्र कोणत्याही माळेत ओवले गेले नाहीत. ते ड्रॉइंग मास्तर झाले. माळवा-निमाडातल्या शाळाशाळांतून, देवास, धार, उज्जैन, खरगोणपर्यंत, फळ्यावर रंगीत खडूने पोपट काढणारे, संमेलनाचे पडदे रंगविणारे, गणितवाल्या शिक्षकांनी तास मागितला की मुकाट्याने देऊन टाकणारे हे मास्तर. माझ्या पिढीने त्यांना पाहिले आहे. आम्ही त्यांच्या तासाला दंगा करीत असू, कारण त्या विषयाचे गुण निकालात धरले जात नसत. आज विचार करता वाटते, यांच्या वडिलांना काय वाटले असेल? त्यांनीही मुलाला ‘जा’ म्हटले होते. त्यांच्या मुलाला पदक मिळाले नाही, परदेशप्रवास घडला नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार आला, पेन्शन मिळाले, मुलींची लग्ने झाली. त्या वडिलांच्या दृष्टीने करार पुरा झाला. कलेच्या इतिहासकाराला हे यश दिसत नाही. शिक्षणाच्या इतिहासकाराला दिसले पाहिजे, कारण अशा शेकडो सुरक्षित आयुष्यांच्या आधारावरच एखाद्या हुसेनला धोका पत्करता येतो. एकदोन मुले चमकली आणि बाकीची रस्त्यावर आली, अशी ख्याती झाली असती तर ती संस्था दहा वर्षांत ओस पडली असती.

आणि मुली? हा प्रश्न टाळून पुढे जाणे सोपे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध नामावळीत मुलीचे नाव नाही. मुंबईत अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जी. डी. आर्ट मिळविली, त्यांचे वडील महादेव विश्वनाथ धुरंधर हे जे. जे. मधले नामांकित चित्रकार होते. अँजेला त्रिंदाद यांचे वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद हेही चित्रकारच. मुलाला कलाशाळेत जायला समजूतदार वडील पुरत. मुलीला जायचे तर वडीलच चित्रकार असावे लागत, असा याचा अर्थ.

त्याच वेळी माळव्यातल्या मुली दरवर्षी पितृपक्षाचे सोळा दिवस काय करीत होत्या? दाराशेजारच्या भिंतीवर शेणाने संजा काढीत होत्या. कधी स्वस्तिक, कधी आठ पाकळ्यांचे फूल, कधी डोकरा-डोकरी, आणि शेवटी सगळ्या आकृत्या पोटात घेणारा मोठा किलाकोट. त्यावर गुलबास, कण्हेर, झेंडूच्या पाकळ्या आणि चमकीचे कागद. रोज संध्याकाळी नवे चित्र, रोज आरती आणि गाणी, रोज शेजारच्या घरची संजा बघायला जाणे. रचना, आकार, रंगसंगती, सार्वजनिक प्रदर्शन आणि परीक्षण, कलाशाळेला हवे ते सारे त्यात होते. मराठी घरांतल्या मुलीही शेजारणींबरोबर या खेळात सामील होत. भाऊ चित्रकला मंदिरात मुंबईच्या परीक्षेसाठी वस्तुचित्रण घोटतो आहे आणि बहीण बाहेरच्या भिंतीवर किलाकोट काढते आहे, असे चित्र इंदूरच्या एखाद्या वाड्यात खचित दिसले असेल. एकाच्या हाती प्रमाणपत्र आले. दुसरीची कला सोळाव्या दिवशी पाण्यात सोडण्यात आली. तिच्यासाठी कोणाची संमती लागली नाही, कारण तिला कोणी शिक्षण मानले नव्हते. पुढे मुलींना कलाशिक्षणाची दारे खुली झाली, आणि आज कलाशाळांचे वर्ग पाहिले तर या उणिवेची भरपाई मुलींनी स्वतःच करून टाकलेली दिसते.

संजाच्या अंगाने मला विष्णु चिंचाळकरांकडे यावेसे वाटते. इंदूर त्यांना ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखते. ते याच संस्थेत घडले, व्यक्तिचित्रण आणि निसर्गचित्रण यांत त्यांचा हात उत्तम होता. राहुल बारपुते, बाबा डिके आणि देवासचे कुमार गंधर्व यांच्याबरोबरची त्यांची मैत्री या शहराच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे. परंतु वय वाढत गेले तसे गुरुजी प्रदर्शनाच्या चित्रापासून दूर गेले. वाळलेली मुळी, झाडाची साल, फुटकी बांगडी, चिंधी, टाकून दिलेला डबा यांत त्यांना चेहरे आणि प्राणी दिसू लागले आणि ते दाखवीत ते मुलांना. ‘खिलते अक्षर खिलते अंक’ या पुस्तकात त्यांनी अक्षरांतून आणि अंकांतून चित्रे उमलविली. लिहिणे आणि चित्र काढणे यांच्यात शाळेने घातलेली भिंत त्यांनी हसत हसत काढून टाकली.

पालकांच्या दृष्टीने पाहिले तर यात एक उलटापालट आहे. देवळालीकरांच्या संस्थेपुढचा प्रश्न होता, या मुलाला चित्रकार होऊ द्यायचे की नाही? गुरुजींनी तो प्रश्नच बाजूला ठेवला. चित्रकार करायचे नाही, मग चित्र काढू द्यायला काय हरकत आहे? रंगांना पैसे लागत नाहीत, अंगणात काड्या आहेत. मुलाचे डोळे उघडे राहावेत एवढेच मागणे. अशा मागणीला नकार देणे कोणत्याही वडिलांना कठीण. तरीही, मला खेदाने म्हणावे लागते, आपण नकार दिलाच. तोंडाने नव्हे, वेळापत्रकाने. चित्रकलेचा तास आजही सर्वांत आधी कापला जातो आणि त्यावर पालकसभेत कोणी हात वर केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गुरुजी २००० साली गेले.

बेंद्र्यांची कथा आणखी एका वळणावर पाहिली पाहिजे. इंदूरहून ते मुंबई, काश्मीर, अमेरिका असे फिरले आणि १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात नव्या ललित कला विभागात चित्रकला शिकवू लागले. १९६६ पर्यंत ते तेथे होते, अधिष्ठातेही झाले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख अशी पिढी तेथे घडली. या विभागाचे वैशिष्ट्य असे की चित्र-शिल्पकलेत विद्यापीठाची पदवी देण्याची सुरुवात देशात तेथे झाली. ज्या माणसाने तरुणपणी एका हाती बी. ए. आणि दुसऱ्या हाती कलेची पदविका अशी कसरत केली, त्याच्या विद्यार्थ्यांना चित्रकलेतच पदवी मिळू लागली. इंदूरच्या वडिलांनी टाकलेला जुना प्रश्न बडोद्याने असा सोडविला. पुरता सुटला असे म्हणवत नाही, कारण पदवी मिळाली तरी पुढे काय, हा प्रश्न पालक अजून विचारतातच. आता ते त्याला ‘प्लेसमेंट’ म्हणतात.

ही केवळ आपलीच गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९३६ साली सार्वजनिक खर्चाने संगीत आणि चित्रकला यांची खास माध्यमिक शाळा काढली. सामान्य घरातल्या गुणी मुलांना नेहमीचे शिक्षण न सोडता कला शिकता यावी, हाच तिचाही हेतू होता. १९९१ साली मिनेसोटा राज्याने केलेल्या कायद्यानंतर अमेरिकेत सरकारी पैशावर पण स्वतःच्या सनदेनुसार चालणाऱ्या ‘चार्टर’ शाळा निघाल्या; त्यांतल्या काही कलेला वाहिलेल्या आहेत. तेथेही मुलाचा अर्ज भरताना आईबाप तोच हिशेब करतात, जो १९२७ साली इंदूरच्या कारकुनाने केला : फी किती, घरापासून किती लांब, बाकीचा अभ्यास बुडणार नाही ना, आणि पुढे काय. देवळालीकरांच्या संस्थेने या चारही प्रश्नांना आपल्या परीने उत्तर दिले होते, म्हणून तिला मुले मिळाली. फिदा हुसेन यांच्यासारखे वडील शतकात एखादे असतात. चांगली संस्था ती, जिच्यात मुलाला घालण्यासाठी वडिलांना फिदा हुसेन व्हावे लागत नाही.

संस्थानाचे विलीनीकरण १९४८ साली मध्य भारतात झाले, १९५६ साली मध्य प्रदेश राज्य झाले आणि दरबारी संस्था सरकारी खात्यात गेली. त्या पुढच्या इतिहासात बदल्या, रिक्त पदे, इमारतीचे प्रश्न असे बरेच काही आहे. तो सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

जाता जाता या सभेत बसलेल्या जुन्या घरांना एक विनंती करायची आहे. चित्रकारांची चित्रे संग्रहालयांत सुरक्षित आहेत. पालकांची बाजू मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही. ती आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकांत आणि देवघराच्या फडताळात आहे. मुंबईच्या परीक्षेची फी भरल्याची पावती, रंगांच्या नळ्यांचे बिल, परीक्षेला गेलेल्या मुलाने ‘सुखरूप पोचलो’ म्हणून घातलेले कार्ड, वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत ‘कागद व रंग’ अशी एखादी नोंद, आजीचे बसून काढलेले रेखाचित्र, बहिणीने संजेसाठी कातरून ठेवलेले कागदी नमुने. यांतले काही सापडले तर ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी कृपया या शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. मूळ कागद देववत नसेल तर त्याची छायाप्रत चालेल. मात्र तो कोणत्या घरातला आहे आणि साधारण कोणत्या सालचा, एवढे पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.